चराईबंदीनंतरचा डोंगर : हिवरे बाजारचे प्रकरण

नगर तालुक्यातले हिवरे बाजार हे साधारण ९७६ हेक्टरचे, पर्जन्यछायेतले गाव. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा मोजक्याच दिवसांत कोसळणारा. १९७२च्या दुष्काळानंतर इथल्या टेकड्यांवरची झाडे तुटली आणि गवत चरून संपले. शेते कोरडी पडल्यावर माणसे कामासाठी बाहेर गेली. १९८९च्या निवडणुकीनंतर पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गाव राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत आले आणि नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी व श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली गेली. पाण्याच्या कामांबद्दल या गावाविषयी भरपूर लिहिले गेले आहे. इथे फक्त त्यातल्या चराईबंदीचा विचार केला आहे : गुरे डोंगरावरून उतरवल्यावर गवताचे आणि मातीचे नेमके काय होते, आणि काय होत नाही.

आधी आकडे. गावातले गवताचे उत्पादन २००० साली १०० टन होते, २००४ साली ते ६,००० टनांवर गेल्याची नोंद आहे. दुभती जनावरे १९९८ मध्ये २० होती, २००३ मध्ये ३४०. दुधाचे संकलन नव्वदच्या दशकाच्या मध्यात दिवसाला १५० लिटर होते, ते पुढे ४,००० लिटरपर्यंत पोहोचले. ६,००० टन हा आकडा वाचताना थांबायला हवे. एवढ्या पावसात चांगल्या माळावरही हेक्टरी दोन ते चार टन वाळले गवत मिळते, आणि गावाचे सगळे क्षेत्र काही कुरण नाही. म्हणजे हे वजन हिरव्या गवताचे धरले तरच पटते. हिरव्या गवतात तिसरा हिस्सा कोरडा भाग धरला तर ते सुमारे २,००० टन होते. ४०० किलोचे दुभते जनावर वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे दिवसाला १० किलो कोरडा चारा खाते. वर्षाला साडेतीन टनांहून थोडा जास्त. ३४० जनावरांना सुमारे १,२५० टन लागले. उरलेला चारा भाकड जनावरे, बैल आणि वासरांना. हिशेब जुळतो, म्हणून आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.

गवताच्या बुडाशी

अतिचराई म्हणजे जास्त गुरे, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. दहा गुरे वर्षभर एकाच टेकडीवर फिरत राहिली तर ती टेकडी मरते. तीच टेकडी पन्नास गुरांनी आठवडाभर चरून पुढे दोन महिने मोकळी सोडली तर बहुधा तगते. गवताला मारणारी गोष्ट आहे ती दुसरा घास, पहिल्या घासातून सावरण्याआधीच पडलेला.

बहुवर्षायू गवताचा जीव जमिनीलगतच्या बुडख्यात असतो. उन्हाळ्यात पाती वाळतात, पण बुडखा आणि मुळे साठवलेल्या अन्नावर जिवंत राहतात. मृगाचा पाऊस पडला की त्याच साठ्यातून पहिली पाती फुटतात. मृग ते पुष्य, म्हणजे जूनचा दुसरा आठवडा ते जुलैअखेर, हा काळ गवतासाठी उधारीचा असतो : पाती हिरवी दिसतात, पण त्यांनी मुळांना अजून काही परत दिलेले नसते. नेमक्या याच वेळी उन्हाळाभर कडब्याच्या काड्या चघळलेली गुरे डोंगरावर तुटून पडतात. पाती गेली, की बुडखा उरलेल्या साठ्यातून पुन्हा फुटवा काढतो. तो कोवळा आणि गोड असतो, म्हणून जनावर चरलेल्या जागीच परत येते आणि शेजारचे जून गवत सोडून देते. दोन-तीन वर्षे असे झाले की बुडखा आतून रिता होतो आणि एखाद्या पावसाळ्यात उगवतच नाही.

जमिनीखाली काय घडते याचे सर्वांत स्पष्ट मोजमाप अमेरिकी कृषिखात्याचे फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ साली मांडले. पाल्याचा निम्मा भाग कापला तर मुळांची वाढ जवळजवळ थांबत नाही. ६० टक्के कापला तर निम्म्या मुळांची वाढ थांबते. ८० टक्के कापला तर सगळ्याच मुळांची वाढ काही दिवस पूर्ण बंद पडते. ‘निम्मे खा, निम्मे ठेवा’ हा कुरणांचा नियम या मोजमापाला धरून आहे. उथळ जमिनीत तो जास्तच कडक लागू होतो, कारण तिथे मुळांना खाली जायला मुळात जागाच नसते.

जनावरागणिक फरक आहे. गाय जीभ फिरवून गवत उपटल्यासारखे तोडते, त्यामुळे चार-पाच सेंटिमीटर बुडखा राहतो. मेंढी ओठांनी जमिनीलगत कुरतडते. शेळीचा ओढा झुडपांकडे. तिच्यामुळे गवतापेक्षा बोर, बाभूळ, खैर यांची रोपे जास्त जातात. गाईंनी चरलेल्या माळावर लगेच मेंढ्या सोडल्या तर उरलेला बुडखाही संपतो. दख्खनच्या गायरानांवर नेहमी हाच क्रम असतो.

कोण जाते, कोण येते

आपल्या पठारावरच्या कुरणांची चांगली गवते म्हणजे पवना, डोंगरी, आणि खोलगट काळ्या जागी मारवेल. तीनही बहुवर्षायू, तीनही चवदार, म्हणून चराई वाढली की सगळ्यांत आधी हीच जातात. त्यांची जागा कुसळी घेते. कोवळी असताना कुसळीही बरी चरली जाते, पण हस्ताच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरअखेरीपासून, तिला कुसळे आली की जनावर तोंड लावत नाही. बियांची टोकदार कुसळे पिळवटत मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत शिरतात, तोंडात जखमा करतात. दुरून हिरवागार दिसणारा, पण कुसळीने भरलेला डोंगर ही अतिचराईची पहिली पायरी आहे. बरेच जण त्यालाच चांगले कुरण समजतात.

कुसळीही मागे हटली की एकवर्षायू, बोटभर उंचीची गवते उरतात. पावसाच्या पहिल्या खंडातच ती घाईने फुलतात, बी टाकतात आणि वाळून जातात. ऑगस्टअखेर जमीन उघडी पडते. मग गुरे ज्यांना शिवत नाहीत अशी मंडळी पसरतात : तरवड, उन्हाळी, टाकळा, घाणेरी, हेकळ, रस्त्याकडेने गाजर गवत. तरवडाच्या पिवळ्या फुलांनी भरलेले माळ नगर, बीड, सोलापूर भागात सगळीकडे दिसतात. त्या फुलांखाली वाकून पाहिले तर बुडख्यांमध्ये हातभर मोकळी जमीन असते. हीच मोकळी जमीन मोजायला हवी. वनस्पतींची यादी काही काळ फसवते, उघडी जमीन फसवत नाही.

माती

गवत गेल्याचे डोळ्यांना दिसते. माती जाते ते दिसत नाही, आणि खरे नुकसान तिचे आहे.

पहिला फटका खुरांचा. उभ्या गाईच्या खुराखाली दर चौरस सेंटिमीटरला दीड ते दोन किलोच्या आसपास भार येतो, चालताना त्याहून जास्त. ओल्या जमिनीत हा भार वरच्या पाच ते दहा सेंटिमीटर थरातली मोठी छिद्रे दाबून बंद करतो. पाणी मुरते ते मुख्यतः याच छिद्रांतून. खोल काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि काही अंशी स्वतःला मोकळी करते. उतारावरच्या मुरमाड जमिनीत चिकणमातीच कमी, त्यामुळे तिथला दबलेला थर वर्षानुवर्षे तसाच राहतो.

दुसरा फटका थेंबांचा. पाती आणि पाचोळा असताना थेंबाचा मार त्यांच्यावर जिरतो. उघड्या जमिनीवर तोच थेंब मातीची ढेकळे फोडतो, बारीक गाळ छिद्रांत बसतो आणि वाळल्यावर पापुद्रा तयार होतो. त्या पापुद्र्यावर पुढचा पाऊस पडतो तेव्हा पाणी आत जाण्याऐवजी पसरून वाहते. हे वाहणे ओघळांसारखे नजरेत भरत नाही. ते चादरीसारखे सगळ्या उतारावरून सरकते आणि सोबत नेमका सर्वांत बारीक, सर्वांत सुपीक, सेंद्रिय कर्ब असलेला भाग घेऊन जाते. मागे गोटे आणि मुरूम राहतो. ‘डोंगरावर दगड वाढलेत’ असे गावकरी म्हणतात. दगड तेवढेच असतात, त्यांच्यामधली माती गेलेली असते.

एक हेक्टरवरून फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तर १० घनमीटर, म्हणजे सुमारे १३ टन माती गेली. एक मिलिमीटर कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. ओळखायची खूण वेगळी आहे : गवताचे जुने बुडखे मातीच्या छोट्या उंचवट्यांवर उभे दिसू लागतात आणि त्यांची मुळे बाजूने उघडी पडतात. तो बुडखा आणि शेजारची जमीन यांच्यातली उंची पट्टीने मोजली, की तो उगवल्यापासून किती माती गेली याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

आता याचा पाण्याशी संबंध. उतारावर १५ सेंटिमीटर माती असेल आणि तिच्यात गवताला घेता येईल असे पाणी घनफळाच्या १३ टक्के धरले, तर एका चांगल्या पावसानंतर सुमारे २० मिलिमीटर साठा होतो. गवत दिवसाला चार मिलिमीटर पाणी वापरते. म्हणजे पाच दिवसांची बेगमी. माती धुपून आठ सेंटिमीटर उरली तर साठा १० मिलिमीटर, बेगमी अडीच दिवसांची. पर्जन्यछायेत जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवसांचा खंड नवा नाही. पाऊस तेवढाच पडला तरी उथळ झालेल्या मातीवरचे गवत दुष्काळात असते. बहुवर्षायू गवते संपून घाईने उरकणारी एकवर्षायू गवते का उरतात, याचे अर्धे उत्तर गुरांच्या दातांत आहे आणि अर्धे या अडीच दिवसांत. म्हणूनच चराई थांबवली की आपोआप सगळे पूर्ववत होईल, ही अपेक्षा चूक ठरते. खडकातून एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

बंदी का टिकली

चराईबंदीचे ठराव महाराष्ट्रात शेकडो ग्रामपंचायतींनी केले असतील. बहुतेक पहिल्या उन्हाळ्यातच मोडतात, कारण बंदी घालणाऱ्याकडे चाऱ्याची पर्यायी सोय नसते. हिवरे बाजारात तीन गोष्टी एकत्र आल्या.

एक, डोंगर बंद होता तो गुरांना; माणसांना नव्हे. ठरावीक रक्कम भरून, हाताने विळ्याने कापून, डोक्यावर भारा आणायची मुभा होती. त्यामुळे गवत वाढण्यात प्रत्येक घराचा स्वार्थ राहिला, आणि विळा मेंढीच्या तोंडासारखा बुडख्यात खोल जात नाही. दोन, सुरुवात सुमारे ७० हेक्टर वनजमिनीच्या पुनरुज्जीवनाने झाली आणि टेकड्यांवर सुमारे ४०,००० समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत जाणारे चर, खोदले गेले. वाहून जाणारे पाणी उतारावरच थांबू लागले. तीन, पाणी मुरल्यावर सिंचनाखालचे क्षेत्र वाढले. १९९९ मध्ये १२० हेक्टर होते, ते २००६ मध्ये २६० झाले. शेतातून कडबा आणि हिरवा चारा मिळू लागला आणि डोंगरावरचा भार कायमचा हलका झाला. या तिसऱ्या गोष्टीशिवाय पहिल्या दोन किती वर्षे तगल्या असत्या, याची मला शंका वाटते.

दावणीला बांधलेल्या जनावराचे अर्थशास्त्रही बदलते. दिवसभर डोंगर चढणारी, दीड लिटर दूध देणारी गाय दावणीला परवडत नाही. संकरित गाय किंवा म्हैस परवडते. म्हणून गुरांची जात बदलली, शेण गोठ्यात जमा होऊन शेतात जाऊ लागले, आणि दूध वाढले.

चार पावसाळ्यांचा क्रम

नगर भागातल्या अशा उतारांवर बंदीनंतर साधारण असा क्रम दिसतो. पहिल्या पावसाळ्यात टाकळा, एकवर्षायू गवते आणि काटेरी तण माजते. डोंगर आधीपेक्षा वाईट दिसतो आणि याच वर्षी बंदी मोडण्याचा धोका सर्वाधिक असतो. दुसऱ्या वर्षी कुसळी भरते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, खडकांच्या फटीत किंवा हेकळ-बोरीच्या जाळीत वाचलेल्या ठोंबांपासून, म्हणजे जुन्या गवताच्या मुळांसकट झुपक्यांपासून, डोंगरी आणि पवना पसरू लागतात. काटेरी झुडपे या टप्प्यात उपयोगी असतात. त्यांच्या आडोशाला बी सुरक्षित उगवते. साफसफाईच्या उत्साहात ती तोडू नयेत. जिथे एकही जुना ठोंब उरलेला नाही, तिथे कितीही वर्षे थांबले तरी कुसळीच राहते, आणि तिथे बी पेरावेच लागते.

मातीत या काळात वरचा पापुद्रा जातो, पाचोळा साचतो, वाळवी आणि गांडुळे परततात, पाणी मुरण्याचा वेग वाढतो. हे तीन ते पाच वर्षांत जाणवते. सेंद्रिय कर्ब त्याहून फार सावकाश वाढतो. मातीची खोली तर चरांत अडकलेल्या गाळापुरतीच वाढते.

बंदीची किंमत

गोठ्यात बांधायला ज्याच्याकडे जमीन, पाणी आणि भांडवल आहे त्याला चराईबंदी फायद्याची. ज्याची एकमेव मत्ता चार शेळ्या आहेत, त्याला ती पहिल्याच दिवशी फटका देते. हिवरे बाजारातही शेळ्या कमी झाल्या. दिवाळीनंतर मेंढ्यांची खांडे घेऊन फिरणाऱ्या धनगरांच्या वाटा एकेका गावाच्या ठरावाने बंद होतात, आणि त्यांचा भार शेजारच्या, ठराव न केलेल्या गायरानावर पडतो. ज्या गावांत शेतकरी रानात मेंढ्या बसवून लेंडीखत घेतात, त्यांनाही हे खत गमवावे लागते. कोणी ही योजना दुसरीकडे नेत असेल तर ठरावाआधी भूमिहीन शेळीपालकांना गवतकापणीत पहिला हक्क आणि मेंढपाळांना ठरलेली वाट व ठरलेले दिवस द्यावेत. ते न देता केलेली बंदी अन्यायाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी किंमत मातीच चुकवते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. चरणारे जनावर खाल्लेल्या नत्राचा मोठा भाग शेण-मुतातून तिथेच टाकते. कापून नेलेले गवत मात्र एक टन कोरड्या वजनामागे सहा ते दहा किलो नत्र डोंगरावरून खाली नेते आणि शेण शेतात पडते. वीस वर्षे असे चालले तर शेत सुपीक होते आणि डोंगर निकृष्ट. उपाय म्हणून दरवर्षी कुरणाचा चौथा हिस्सा न कापता ठेवावा, हिस्से फिरवावेत, आणि गवतात स्टायलोसारखे शेंगवर्गीय पीक मिसळावे.

दुसऱ्या गावी करताना

पहिले काम मोजणी. सप्टेंबरअखेर माळावर एक मीटर बाय एक मीटरची चौकट निदान वीस ठिकाणी टाकावी, जागा न निवडता, ठरावीक पावलांवर. आतले गवत बुडख्यापासून पाच सेंटिमीटर वर कापून, सावलीत पूर्ण वाळवून तोलावे. समजा सरासरी ६० ग्रॅम भरले, तर हेक्टरी ६०० किलो. निम्मे सोडायचे, म्हणजे ३०० किलो वापरायचे. २५० किलोची गावरान गाय दिवसाला सव्वासहा किलो खाते. चार महिन्यांना ७५० किलो. म्हणजे अशा माळावर एका गाईला अडीच हेक्टर हवे. बहुतेक गायरानांवर हाच हिशेब मांडला तर तिथली गुरे कित्येक पट जास्त निघतील. चौकटीतली उघडी जमीनही टक्क्यांत लिहून ठेवावी. पुढच्या वर्षी तीच तुलनेला लागते.

चर फक्त तिथेच, जिथे जमीन खरोखर उघडी पडली आहे. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल सलग समतल चर मीटरमागे १८० लिटर पाणी धरतो. दहा मीटर अंतरावर ओळी घेतल्या तर हेक्टरी १,००० मीटर चर, आणि एका भरण्यात १८ मिलिमीटर पाणी थांबते. समपातळी नीट न आखता खोदलेला चर एका टोकाला फुटतो आणि तिथून घळ सुरू होते. अर्धवट काम केल्यापेक्षा न केलेले बरे. पवना-डोंगरीचे ठोंब जिवंत असलेल्या माळावर यंत्राने चर ओढणे म्हणजे उरलेले कुरण नांगरून टाकणे आहे. तीच गोष्ट वृक्षलागवडीची. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या माळावरही ग्लिरिसिडिया लावली गेली, आणि ज्या पक्ष्याला दूरवर मोकळे गवत लागते त्याच्या माळावर झाडोरा उभा राहिला. माळ ही पडीक जमीन नव्हे. तिथे झाड लावण्याआधी गवत मोजावे.

बी पेरायचे तर आदल्या वर्षीचे. ताज्या बियांत सुप्तावस्था असते, ती काही महिने साठवणीत मोडते. डोंगरी, पवना यांचे बी हलके आणि केसाळ, वाऱ्याने उडते. ओलसर माती आणि चाळलेल्या शेणखतात मिसळून, पहिल्या चांगल्या पावसानंतर टाकावे आणि एक सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. खोल पुरल्यामुळे पेरणी फसण्याचे प्रमाण फार मोठे आहे. मारवेल ठोंबांनी लावावे. स्टायलोचे कवच कठीण असल्याने बी गरम पाण्यात काही मिनिटे ठेवून मग पेरावे.

कापणी फुलोऱ्यावर, उत्तरा ते हस्तात, दहा सेंटिमीटर बुडखा ठेवून. बी गळून गेलेल्या गवतात प्रथिने फुलोऱ्याच्या निम्म्यावर येतात, तरी फिरता राखलेला चौथा हिस्सा बी पडेपर्यंत उभाच ठेवायचा, कारण पुढचे गवत त्यातून येते. अजिबात न कापलेले कुरणही बिघडते : जुन्या काडीचा थर बुडख्यांना सावलीत गुदमरवतो आणि उन्हाळ्यात वणव्याला इंधन होतो.

चौथ्या-पाचव्या वर्षी, उघडी जमीन स्पष्टपणे घटली आणि बहुवर्षायू गवतांनी निम्म्याहून जास्त जागा घेतली, की कुरणाचे चार भाग पाडून एका भागात चराई पुन्हा सुरू करायला हरकत नाही. पुष्य उलटल्याखेरीज गुरे सोडू नयेत. एका भागात दहा-बारा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि गवत वीतभर उरले की बाहेर काढावीत. जो भाग यंदा आधी चरला, तो पुढच्या वर्षी शेवटी चरावा.